देवराई, गायरान, जंगल राखायचंय? निधीचा शोध सातबाऱ्यापासून सुरू करा

गावातली दहा-बारा माणसं एकत्र येतात, टेकडी वाचवायची किंवा देवराई राखायची ठरवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "यासाठी कुठली योजना आहे?" प्रश्न रास्त आहे, पण तो तिसरा किंवा चौथा असायला हवा. महाराष्ट्रात निसर्ग राखायला पैसा आहे, आणि तो अनेक खात्यांत विखुरलेला आहे. कुठला दरवाजा तुमच्यासाठी उघडेल, हे बव्हंशी एकाच गोष्टीवर ठरतं: ती जमीन कागदावर कुणाची आहे. हा लेख पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्या ग्रामपंचायत सदस्यांसाठी, तरुण मंडळांसाठी, बचत गटांसाठी आणि शहरातल्या टेकडीप्रेमींसाठी आहे.

पहिली पायरी: सातबारा आणि नकाशा

तलाठ्याकडून सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा) आणि गाव नकाशा घ्या. सातबारा ऑनलाइनही निघतो, पण तलाठ्याशी बोलणं टाळू नका, कारण जुने फेरफार त्यालाच माहीत असतात. भोगवटादार कोण, इतर हक्कांत काय लिहिलंय आणि अतिक्रमणाची नोंद आहे का, या तीन गोष्टी पाहा.

सातबाऱ्यावर 'गुरचरण' किंवा 'गायरान' असेल तर जमीन शासनाची आणि देखभाल ग्रामपंचायतीची. जमीन महसूल संहितेच्या कलम २२-अ नुसार गायरान सहजासहजी दुसऱ्या वापरासाठी देता येत नाही, आणि ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या जगपालसिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलंय. तो निकाल अर्जाला जोडला तर महसूल कार्यालयात बोलणं सोपं जातं.

'वन' अशी नोंद असेल तर वनखात्याशिवाय तिथे एक खड्डाही खणता येणार नाही. मात्र गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर चित्र पालटतं. वनहक्क कायदा २००६ नुसार त्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा अधिकार ग्रामसभेचा असतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. जंगलालगतच्या गावाने अजून दावाच केला नसेल, तर कुठल्याही अनुदानाच्या अर्जाआधी तो दावा तयार करायला घ्या. त्याला वेळ लागतो, पण एकदा हक्क मिळाला की गावाला दरवेळी परवानगीसाठी दारोदार जावं लागत नाही.

कोकणात गुंता वेगळा आहे. तिथलं पुष्कळ जंगल खासगी मालकीचं आहे, एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात आणि त्यातली निम्मी मुंबईत राहतात. देवराई कुठे देवस्थानाच्या नावावर असते, कुठे शासनाच्या, कुठे खासगी. मानकरी आणि गावकर पिढ्यान् पिढ्या राखण करत असले तरी त्यांचं नाव कागदावर असेलच असं नाही. खासगी जंगलासाठी सरकारी अनुदान क्वचितच मिळतं. तिथे उपयोगी पडतो तो मालकांशी केलेला संवर्धन करार: ठरावीक वर्षं झाडं तोडायची नाहीत आणि त्या बदल्यात मोबदला किंवा जंगली उत्पन्नाला चांगला भाव. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर परिसरात अशा करारांवर काम केलंय. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या गोळा करणं हे इथलं खरं काम. गणपतीला मुंबईकर गावी येतात, तेव्हा ते उरकून घ्या.

दुसरी पायरी: जमिनीला साजेशी समिती

पैसा समितीच्या खात्यात येतो आणि प्रत्येक प्रकारच्या जमिनीची समिती निराळी. नवी संस्था काढण्याची घाई करू नका. गावात बहुधा कागदावर समिती असतेच, फक्त ती झोपलेली असते.

वनजमिनीसाठी संयुक्त वन व्यवस्थापन समिती असते. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये आणि अभयारण्यांलगतच्या गावांत ग्राम परिस्थितीकीय विकास समिती असते आणि तिच्यामार्फत २०१५ पासूनची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजना राबवली जाते. सवलतीत गॅस जोडण्या, सौरदिवे, कुंपण अशा कामांतून गावाचं जंगलावरचं अवलंबन कमी करायचं, हा तिचा हेतू. खाडीकाठी कांदळवन सहव्यवस्थापन समिती. आणि कुठलीही जमीन असो, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणं जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ४१ नुसार बंधनकारक आहे.

ही शेवटची समिती सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. ग्रामपंचायतीत जाऊन तिच्या सदस्यांची यादी आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची आणि त्यांच्याविषयीच्या माहितीची वही, मागा. पुष्कळ ठिकाणी नोंदवही कुणीतरी बाहेरून भरून दिलेली असते आणि शेजारच्या गावाची यादीच त्यात उतरलेली दिसते. ती नव्याने लिहायला बसा. वैदू, धनगर, मासे मारणारे, रानभाज्या खुडणाऱ्या बाया, सगळ्यांना विचारून लिहा. पुढे सीएसआरवाला, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणारी कंपनी, असो की राज्य जैवविविधता मंडळ, "इथे राखण्यासारखं काय आहे?" हाच प्रश्न ते विचारणार, आणि त्याचं उत्तर या वहीतूनच देता येतं.

तिसरी पायरी: ग्रामसभेचा ठराव

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या ग्रामसभांपैकी एक धरा. कोरमसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. विषय आधीच अजेंड्यावर लिहून द्या. आयत्या वेळचा विषय म्हणून झालेल्या ठरावाला पुढे हरकत निघते.

ठरावात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, कामाचं स्वरूप, जबाबदार समिती आणि बँक खातं ही माहिती हवीच. पण ठरावाची खरी कसोटी चराईच्या प्रश्नावर लागते. गायरान बंद करायचं म्हणजे कुणाच्या तरी शेळ्या उपाशी राहणार, कुणाची तरी जळणाची वाट लांबणार. ही माणसं ग्रामसभेत सहसा बोलत नाहीत, नंतर रात्री कुंपण मोडतात. त्यांच्या वस्तीवर आधी जा. सगळं गायरान एकदम बंद करू नका. तीन भाग पाडा, दरवर्षी एक बंद ठेवा, आणि बंद भागातलं गवत कापून न्यायची मुभा असू द्या. कापणीला कुणी, कधी, किती जायचं हेही ठरावात लिहा. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ज्या गावांत टिकली, तिथे ती अशा बोलाचालीतूनच टिकली.

चौथी पायरी: काय करायचं आणि काय नाही

अनुदान मिळतंय म्हणून निसर्गाचं नुकसान होतं, तेव्हा फार वाईट वाटतं. आपल्याकडे संवर्धन म्हटलं की वृक्षारोपण, असं समीकरण झालंय. पण पुणे-सोलापूरकडची गवताळ माळरानं हीच लांडगा, खोकड, चिंकारा आणि धाविक पक्ष्यांची घरं आहेत. तिथे खड्डे खणून गिरिपुष्प लावलं की माळरान मरतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवर, पावसाळ्यात जी इवली फुलं उमलतात, ती जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. सड्याला झाडांची गरज नाही, जेसीबीपासून संरक्षणाची आहे. देवराईत तर लावण्यापेक्षा न काढणं महत्त्वाचं. पडलेलं झाड तिथेच कुजू द्या, वेली तोडू नका, पालापाचोळा झाडू नका.

दुसरा धोका सुशोभीकरणाचा. पेव्हर ब्लॉक, सिमेंटची बाकं, रंगीत दिवे आणि प्रवेशकमान यांना पैसे पटकन मंजूर होतात, कारण त्यांचं अंदाजपत्रक सोपं आणि उद्घाटन देखणं. देवळाच्या जीर्णोद्धारात स्लॅबसाठी देवराईतली जुनी झाडं गेल्याची उदाहरणं कोकणात पुष्कळ आहेत. म्हणून अर्ज लिहिण्याआधी कामांच्या दोन याद्या करा, करायच्या आणि न करायच्या. न करायच्या यादीवरही ग्रामसभेची मोहोर घ्या. उद्या ठेकेदार आला तर तोच कागद पुढे करता येईल.

जिथे माती वाहून गेलीय, तिथे सलग समतल चर, दगडी बांध, गवताचं बी आणि जुन्या खोडांची फूट राखणं हे स्वस्त आणि खात्रीचं. आणि कुठलंही काम सुरू होण्याआधी ठरावीक जागेवरून, ठरावीक दिशेने फोटो काढून ठेवा. दरवर्षी त्याच जागेवरून पुन्हा काढा. पुढच्या निधीसाठी याहून बोलका पुरावा नाही.

पाचवी पायरी: पैसा नेमका कुठे आहे

सर्वांत आधी घरचा पैसा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम समाविष्ट नसेल तर वित्त आयोगाच्या निधीतून त्यावर खर्च करता येत नाही. आराखडा २ ऑक्टोबरच्या आसपास तयार व्हायला लागतो, तेव्हा तुमचं काम त्यात हवंच. पाणी अडवण्याची कामं बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) निधीतल्या पाण्याच्या वाट्यात बसू शकतात, बाकीची अबंधित म्हणजे मोकळ्या निधीतून मागावी लागतात.

रोजगार हमीतून चर, बांध, रोपवाटिका, वृक्षलागवड आणि संगोपन होतं. मजुरी आणि साहित्य यांचं ६०:४० हे प्रमाण इथे वर्षानुवर्षं पाळलं गेलंय, म्हणून मातीकामासाठी ही वाट उत्तम आणि तारेच्या कुंपणासाठी कुचकामी. नियम बदलत असतात, तेव्हा कामाची मागणी नोंदवताना पंचायत समितीत चालू आदेश विचारून घ्या.

गाव अनुसूचित क्षेत्रात असेल, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याखाली येत असेल, तर तुमच्या हातात एक फार चांगलं साधन आहे. राज्याच्या १३ जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो, आणि त्याच्या वापराच्या बाबींत वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वनतळी, वन्यजीव पर्यटन आणि वन उपजीविका यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही बहुतेक गावांत हा पैसा रस्ते, गटारं आणि सभामंडपांकडे वळतो, कारण जंगलाच्या कामाचा प्रस्ताव कुणी मांडतच नाही. खर्च कशावर करायचा हे ग्रामसभा ठरवते. ठरावाच्या वेळी चार माणसं तयारीनिशी उभी राहिली तरी चित्र बदलतं.

किनाऱ्यावर कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. खेकडापालन, कालवं, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन अशा व्यवसायांसाठी ती गटांना मोठा हिस्सा अनुदान म्हणून देते, उरलेला लाभार्थ्यांनी घालायचा. बदल्यात गावाने कांदळवन राखायचं. एक खबरदारी घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानुसार कांदळवनात आणि त्याच्याभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला बंदी आहे. जेटी किंवा निरीक्षण मनोरा प्रस्तावात लिहिण्याआधी कांदळवन कक्षाशी बोला.

गावात धबधबा, किल्ला, तलाव अशी जागा असेल तर जिल्हा नियोजन समितीकडून 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मागता येतो. ग्रामपंचायतीचा ठराव आणि भेट देणाऱ्यांच्या संख्येचा पुरावा जोडून प्रस्ताव वर पाठवायचा, समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. दर्जा मिळाला की जिल्हा वार्षिक योजनेतून पायवाट, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी यांसाठी मागणी करता येते. मी तरी स्वच्छतागृह आणि कचऱ्याची सोय पहिल्या वर्षी मागेन, बाकी सगळं नंतर.

जागा खरोखरच दुर्मीळ असेल तर जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ घोषित होण्यासाठी नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव जातो. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डेची मायरिस्टिका दलदल आणि आंबोलीत हिरण्यकेशी नावाचा मासा सापडलेलं देवळाचं कुंड ही अशी स्थळं २०२१ मध्ये घोषित झाली. दोन्ही जागा आकाराने लहान आहेत. 'आमची देवराई एवढीशी, तिला कोण विचारणार' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शहरवाल्यांसाठी थोडक्यात: महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीतल्या वनजमिनींसाठी केंद्राची नगर वन योजना २०२० मध्ये सुरू झाली, आणि तिच्यासमोर आदर्श होता पुण्याच्या वारज्याच्या वनउद्यानाचा. निधी कॅम्पामधून (तोडलेल्या जंगलाच्या भरपाईच्या निधीतून), वनखात्यामार्फत येतो. नागरिकांच्या गटाला थेट पैसे मिळत नाहीत, पण जागा सुचवणं आणि लावणीत स्थानिक झाडांचा आग्रह धरणं हे त्यांचं काम.

सीएसआर: दोन टक्क्यांची वाट

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पर्यावरण समतोल, वनस्पती-प्राण्यांचं रक्षण आणि नैसर्गिक साधनांचं संवर्धन हे विषय सातव्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तुमचं काम नियमात बसतंच.

अडचण असते ती पात्रतेची. कंपनी ज्या संस्थेमार्फत काम करते तिला आयकर खात्याची १२-अ आणि ८०-जी नोंदणी, कंपनी मंत्रालयाचा सीएसआर-१ क्रमांक आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. काल स्थापन झालेल्या ट्रस्टकडे हे नसणार. म्हणून तालुक्यातली एखादी जुनी, स्वच्छ हिशेबाची संस्था शोधा आणि तिच्याशी लेखी करार करा: पैसे तिच्या खात्यात, निर्णय ग्रामसभेचे, हिशेब दर तिमाहीला चावडीवर. करारात हे नसेल तर पुढे भांडण ठरलेलंच.

कंपनी निवडताना मुंबईच्या मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्याकडे जा. कायदाही स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यायला सांगतो. मात्र तो कारखाना तुमच्याच नदीत सांडपाणी सोडत असेल तर त्याचा पैसा घ्यायचा का, हे ग्रामसभेने उघडपणे ठरवावं. माझं मत विचाराल तर घेऊ नये. फलक लागतो आणि तोंड बंद होतं.

अमेरिका-इंग्लंडातल्या गावकऱ्यांकडून मदत येणार असेल तर एक फरक नीट समजून घ्या. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पैसे देत असेल तर ती परकीय देणगी ठरत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलेली व्यक्ती किंवा तिकडचं महाराष्ट्र मंडळ देत असेल तर ती ठरते, आणि परकीय देणगी कायद्याच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय ती घेणं गुन्हा आहे. शिवाय २०२० पासून एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, आधी पासपोर्ट विचारा.

सहावी पायरी: अर्ज आणि अंदाजपत्रक

अर्ज दोन पानांचा पुरे. जागा कुठली, तिथे काय आहे, धोका कशाचा, आपण काय करणार, किती खर्च, गाव काय घालणार आणि तीन वर्षांनी काय दिसेल. सातबारा, नकाशा, ठराव, नोंदवहीतली पानं आणि फोटो जोडा.

अंदाजपत्रकात सगळे एकच गोष्ट विसरतात: राखणदार. रोपं, खड्डे, कुंपण यांचा खर्च पहिल्या वर्षी होतो, पण झाडं मरतात दुसऱ्या उन्हाळ्यात, आणि वणवा लागतो फेब्रुवारी ते मे मध्ये. उदाहरणादाखल, महिना १२,००० रुपयांवर एक राखणदार ठेवला तर तीन वर्षांचे ४,३२,००० रुपये होतात. एवढी रक्कम पाहून देणारा कचरतो. तेव्हा त्याला स्पष्ट सांगा की रोपं निम्मी करा, पण राखणदार ठेवा. त्याच्या जोडीला दरवर्षी जानेवारीत जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायचा खर्च, आणि वरून पाच-दहा टक्के आकस्मिक खर्च धरा. श्रमदानाचे दिवसही रुपयांत मांडा, तोच गावाचा वाटा.

सरकारी कामात तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश मिळाल्याशिवाय फावडं उचलू नका. उत्साहात आधी झालेल्या कामाचं बिल निघत नाही.

सातवी पायरी: पैसे आल्यावर

प्रत्येक निधीचं वेगळं खातं, किंवा किमान वेगळी रोकडवही. दोन सह्या, त्यातली एक शक्यतो बचत गटातल्या ताईची. हजेरीपट, पावत्या, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो त्याच दिवशी फायलीत लावा. पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर दुसरा हप्ता अडतो आणि पुढच्या वर्षी तुमचा प्रस्ताव तळाशी जातो.

मार्च एंडचं गणितही ध्यानात ठेवा. फेब्रुवारीत अचानक फोन येतो, "पैसे पडून आहेत, लगेच काम दाखवा." मार्चमध्ये लावलेलं रोप जगत नाही. अशा वेळी चर, बांध, माहितीफलक किंवा रोपवाटिकेचं साहित्य पुढे करा. त्यासाठी तयार अंदाजपत्रकं कपाटात हवीत.

अनुदान संपल्यावर

तिसऱ्या वर्षानंतर राखणदाराचा पगार कुठून येणार, हे पहिल्याच वर्षी ठरवायला हवं. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून ते पुन्हा उभं केलं आणि सीताफळाच्या विक्रीतून गावाला उत्पन्न मिळवून दिलं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. कास पठारावर प्रवेशशुल्कातून समितीचं काम आणि स्थानिक तरुणांचा रोजगार चालतो.

कासचं उदाहरण दुसऱ्या कारणासाठीही अभ्यासा. २०१२ मध्ये जागतिक वारशात नाव आल्यावर गर्दी इतकी लोटली की रोजच्या पर्यटकांची संख्या बांधून द्यावी लागली. तुमच्या जागेसाठी ही मर्यादा पहिल्या तिकिटाच्या आधीच ठरवा: दिवसाला किती माणसं, किती गाड्या, कोणते महिने बंद. शुल्काची विभागणीही तेव्हाच ठरवा, राखणदार आणि जाळरेषेचा वाटा सर्वांत आधी बाजूला काढून. शुल्क घेण्याचा अधिकार जमिनीप्रमाणे बदलतो. वनजमिनीवर समितीमार्फत आणि वनखात्याच्या मान्यतेने, गायरानावर ग्रामपंचायतीच्या ठरावाने, खासगी जागेत मालकांच्या लेखी संमतीने. हे सगळं एका पानावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि दर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत जमाखर्चासह वाचून दाखवा.